कानांवरचं फडकं

औंढ्यातल्या बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशींच्या मते बाईचं प्रत्येक दुखणं कानातून आत शिरतं. मी आरोग्य केंद्राची आशाताई म्हणून घरोघरी चौकशीचा फॉर्म घेऊन जाते, तेव्हा बाळंतिणीच्या कानांना त्यांनी करकचून फडकं बांधलेलं असतं. तिला माझे प्रश्न धड ऐकू येत नाहीत, म्हणून उत्तरं मावशीच देतात. त्यांचा आवाज मात्र कुठल्याही फडक्यातून आत जातो.

या खेपेला बाळंतीण त्यांचीच लेक होती. तीन आठवड्यांच्या बाळाकडे पाठ करून ती रडत होती.

"वारं लागलंय," मावशी म्हणाल्या.

"घरात आधी कुणाला बाळंतपणानंतर असं झालं होतं का?"

"छ्या! आमच्यात असलं न्हाई. माजी आई तेवडी दर बाळंतपणात सा-सा म्हैने कुणाशी बोलायची न्हाई. सभावच तसा. आन ही झाली तवा मला चार म्हैने हिचं तोंड बघू वाटंना. पर आजार कुणाला न्हाई हां! तितं 'न्हाई' लिवा."

लेकीने मान वर केली. कानांवरचं फडकं सोडलं.

"आई, परत सांग."

मावशींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बांध गं ते. वारं लागंल."