नवरा-नवरीशिवाय चौक नाही

दुकान माझं काच आणि फ्रेमचं. पण खरं सांगू का, गिऱ्हाईक फ्रेम घेऊन जातं आणि किस्सा दुकानातच ठेवून जातं! फ्रेमचा माल संपतो, हा माल वाढतच राहतो. त्यातला निम्मा एकट्या जिवलीबायचा.

मी अमळनेरकडचा. शाळा सातवीपर्यंत, धंदा मात्र आपटत-धोपटत शिकलेला. ऐंशीच्या दशकात सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा इथं दुकान टाकलं. कारखाना आला की केबिन, केबिन आली की भिंत, आणि भिंत आली की फ्रेम!

जिवलीबाय अथालकडच्या पाड्यावरची वारली बाई. आरसा घ्यायला म्हणून आली, डोक्यावर तांदळाचं दळण. मी समोर चहा प्यायला गेलो. परत येतो तर बाईनं माझ्याच तांब्यातल्या पाण्यात पीठ कालवून, बांबूच्या काडीनं माझ्या कोऱ्या हार्डबोर्डवर अख्खा पाडा उठवलेला! झोपड्या, ताडाची झाडं, कोंबड्या, सगळं.

मी ओरडलो, "बाई, माल खराब केलास की!"

"कोरा होता तवा कोन घेत होता?"

तेवढ्यात एक गुजराती कॉन्ट्रॅक्टर वडिलांचा फोटो फ्रेम करायला आला. त्यानं बोर्ड पाहिला, फोटो परत खिशात घातला आणि बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "बापुजी पछी. पहेलां आ आपो!"

झालं. बाय दर बाजाराच्या दिवशी दुकानात बसायला लागली. लोक विचारायचे, "कुणी शिकवलं?" ती म्हणायची, "कोन शिकवील? भिंत होती, पीठ होतं."

आमच्या बैठकीतला दुसरा माणूस म्हणजे परांजपेसाहेब. पुण्याचे, मसाटच्या एका कारखान्यात मॅनेजर. चाळिशीला टेकलेले, लग्न नाही. संध्याकाळचा चहा माझ्याकडे. त्यांचा जीव जडलेला त्यांच्याच ऑफिसातल्या अकाउंट्सच्या नलिनी मॅडमवर. हे मला माहीत, चहावाल्याला माहीत, जिवलीबायला माहीत. फक्त नलिनी मॅडमना सांगायचं राहिलेलं!

एकदा वापीचा एक व्यापारी तारपा-नाचाच्या चित्रावर घासाघीस करत बसला. मीही व्यापारीच, पण हा माझाही बाप! शेवटी म्हणतो, "यात माणसं फार आहेत. चार-पाच कमी करा आणि रेट उतरवा."

बायनं ओलं फडकं घेतलं आणि नाचाच्या मधोमध तारपा वाजवणारा माणूस तेवढा पुसला.

"घे. आता कोन नाचतो ते पाह्य!"

व्यापाऱ्यानं वाजवणारा परत काढायला लावला आणि चित्र घेतलं. पूर्ण भावात!

मग परांजपेसाहेबांना सुचलं, कारखान्यात सेफ्टीचं चित्र लावायचं. "बाय, सगळ्या कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजे." बायनं काढली. पण वारली चित्रातली माणसं म्हणजे दोन त्रिकोण आणि वर गोल डोकं. त्यावर हेल्मेट म्हणजे आणखी एक गोल! चित्र गेटजवळ लागलं. दुसऱ्या दिवशी अर्धी शिफ्ट घरून पाण्याच्या बाटल्या घेऊन हजर.

"साहेब, डोक्यावर हंडे घेतलेली माणसं लावलीत ना? आम्हाला वाटलं, पाणी बंद होनार!"

साहेबांनी चित्र उतरवलं. तेव्हापासून मी त्यांना चहाबरोबर पाणीसुद्धा विचारून द्यायचो.

नलिनी मॅडम मूळच्या नाशिकच्या, सामरवरणीला आईबरोबर राहायच्या. त्यांनी हौसेनं वरातीचं चित्र नेलं. महिन्याभरात परत आल्या.

"शेठ, ही काय क्वालिटी! मुंग्यांनी पीठ खाल्लं. निम्मी वरात गेली, नवरदेव पण गेला!"

परांजपेसाहेब स्टुलावर होते. उठले, बसले, चहा पँटवर सांडला. आम्ही सगळे कान देऊन. आता बोलणार! साहेब म्हणाले,

"सामरवरणीला... मुंग्या फार आहेत, नाही?"

मॅडम म्हणाल्या, "हो ना सर," आणि गेल्या. चहावाल्यानं कपाळाला हात लावला. जाता जाता मॅडम मला सांगून गेल्या, की चित्र नवं करून लवकर द्या, पुढच्या महिन्यात नाशिकहून बघायला पाहुणे येणार आहेत.

साहेबांनी तीन दिवस चहा घेतला नाही.

चौथ्या दिवशी आले ते वेगळंच घेऊन. मुंबईचे डायरेक्टर यायचे होते, केबिनमध्ये लग्नाचा चौक हवा होता, म्हणजे वारली लोक लग्नघराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र. घोड्यावर नवरा-नवरी, मधे त्यांची लग्नाची देवी, पालघट.

जिवलीबायनं काडी खाली ठेवली. "चौक लगनाचा असतो. नवरा कोन?"

"अहो बाय, नुसतं चित्र हवंय. शोभेला."

"शोभेला देवी बोलवतात? नवरा-नवरीशिवाय चौक नाय. नवरा कोन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिऱ्यानं काच कापण्यात गुंग. डायरेक्टर तर दोन दिवसांवर!

"बरं, लिहा. मी."

"आनि नवरी?"

मग साहेब इतक्या हळू बोलले, की मला काच कापायची थांबवावी लागली. "नलिनी."

बायनं चौक लिहिला; वारली चौक काढत नाहीत, लिहितात. देवीवर फडकं टाकलं आणि बजावलं, लग्नाचं गाणं झाल्याशिवाय हे काढायचं नाही. साहेबांना वाटलं, बोलायची पद्धत असेल.

डायरेक्टर आले त्या दिवशी फ्रेम टांगायला मी स्वतः मसाटला गेलो. जेवणाची सुट्टी. गेटवर बघतो तर जिवलीबाय, पाच-सहा बायका आणि त्यांची धवलेरी, म्हणजे गाऊन लग्न लावणारी म्हातारी!

वॉचमननं अडवलं, "किससे मिलना है?"

"लगीन हाय."

"किसका?"

"तुज्या सायबाचा!"

आणि धवलेरीनं सूर लावला. वारली लग्नगीतात नवरा-नवरीचं नाव घालून गातात. पहिल्याच ओळीत परांजपे, दुसऱ्या ओळीत नलिनी! कामगार डबे सोडून बाहेर. डायरेक्टर खिडकीत. परांजपेसाहेब पायऱ्यांवर, एक पाय वर, एक खाली.

अकाउंट्सच्या दारातून नलिनी मॅडम आल्या. सगळं ऐकलं. वॉचमन घाबरून ओरडला, "बंद करो, बंद करो!" म्हातारी गप्प झाली.

मॅडमनी एकदा साहेबांकडे पाहिलं. मग वॉचमनकडे वळून म्हणाल्या,

"लग्नाचं गाणं मधेच कशाला थांबवता? होऊ द्या की पुरं!"