आयनं ऐकलेली माझी कादंबरी

आमच्या खाडीकाठच्या गावातून, सारसोळ्यातून मँचेस्टरला निघाले, त्या दिवशी आय मला विमानतळावर सोडायला आली नाही. होड्या लागल्या होत्या, मासळी घ्यायची होती. "जा, पोचलीस का फोन कर," एवढं बोलून तिनं पाटी डोक्यावर घेतली. मला ते फार लागलं.

तोच राग पुढे मी कादंबरीत ओतला. मँचेस्टरच्या एका शाळेत मी मदतनीस शिक्षिका आहे. रंगावरून चाललेली कुजबुज रोज कानावर पडते. म्हणून चौदा वर्षांच्या सावळ्या मुलीची गोष्ट इंग्रजीत लिहिली. वर्गातली मुलं तिला चिडवतात, ती बंड करते, केस कापते, घर सोडते. तिची आई फक्त दार लावून घेते. पुस्तक छापून आलं तेव्हा मी हवेतच होते. आमच्याच शाळेतल्या एका मुलीनं ते वाचून सरळ सांगितलं, "मिस, निराशा झाली. राग खरा वाटला, आई खोटी वाटली." मी हसून विषय बदलला.

गेल्या मे महिन्यात घरी आले. माझी भाची प्राची रोज संध्याकाळी ते पुस्तक आयला मराठीत समजावत वाचायची, आय कोलंबी सोलत ऐकायची. तिसऱ्या दिवशी गोष्ट संपली.

"ती आय मंजे मी का गं?"

"नाही गं, गोष्ट आहे ती."

"मंग तुज्या अंगाला मासलीचा वास येतो म्हनून तुला मांगं बसवली, तवा शालंत कोन आलतं? ते का नाय लिवलं?"

मला आठवलं. बाजारातून उठून, ओल्या लुगड्यानिशी ती वर्गाच्या दारात उभी राहिली होती. "माझी पोर पुढं बसंल," एवढंच म्हणाली. बाईंनी मला पुढे बसवलं. आणि मी? मैत्रिणी बघतायत म्हणून मान खाली घालून बसले. माझ्या वाट्याचं बंड तिनं केलं होतं, आणि पुस्तकातून मी नेमकं तेच गाळलं होतं.

"चुकलं गं आय."

"चुकलं तं परत लिव," म्हणत ती कोलंबी धुवायला आत गेली.

गावात राहिलेल्या आणि गाव सोडलेल्या माझ्या माणसांनो, त्या फसलेल्या पुस्तकाचे माझ्यावर उपकारच आहेत. आता नवं लिहिते आहे. एकेक प्रकरण प्राचीला पाठवते, ती आयला वाचून दाखवते. माझा संसार, माझी नोकरी मँचेस्टरला आहे. पण माझं खोटं ओळखणारं माणूस सारसोळ्यात बसलंय, आणि तेच माझं घर.