मामा निवडणूक हरले तेव्हा

माझे मामा खामगावचे वकील. मी पिंपळगाव राजाहून शिकायला त्यांच्याकडे आले, पुढे खामगावातच शिक्षिका झाले, तरी राहिले त्यांच्याच घरी. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंग भोगला होता. मराठी राज्य झालं तेव्हा ते आमदार होते. मग खासदार होऊन दिल्लीला गेले आणि पुढे मंत्रीही झाले. परदेशी पाहुण्यांशेजारी उभे असलेले मामा वर्तमानपत्रात दिसले की मामी फोटो निरखून म्हणायच्या, "कोटाचं बटन तुटलं पाह्य. तिकडं सांगणारं कोणी नाही."

मामी दिल्लीला दोनदा गेल्या. दोन्ही वेळा सोबत ज्वारीचं पीठ नेलं आणि पीठ संपलं तशा परतल्या.

मंत्री झाल्यावर मामांचं जिल्ह्यात येणं कमी झालं, हे खरं. पुढच्या निवडणुकीत शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्यांच्यासोबत जीपमधून गावोगाव हिंडले. वडनेर भोलजीच्या सभेत एक म्हातारी उठून उभी राहिली.

"भाऊ, इतकी वर्सं दिसले काऊन नाही?"

कार्यकर्ते तिला बसवायला धावले. मामांनी हातानेच त्यांना थांबवलं. "बरोबर बोलली, माय. दिल्लीत बसलं की इथलं दिसत नाही. माही चूक झाली."

परतताना जीपमध्ये सगळे त्यांच्यावर चिडले होते. असं भर सभेत कबूल करतात का! मामा म्हणाले, "मंग काय तिले खोटं सांगू?"

मामा हरले. हरवलं कोणी, तर त्यांच्याच हाताखाली वकिली शिकलेल्या पोरानं. आमच्या ओट्यावर बसून त्यानं कायद्याची पुस्तकं वाचली होती आणि मामींच्या हातचं जेवला होता. तो दुसऱ्या पक्षात गेला, तेव्हापासून मामींनी त्याचं नाव टाकलं होतं.

निकालाच्या दिवशी बँडचा आवाज आमच्या गल्लीत शिरला. मी खिडकी लावून घ्यायला उठले.

"उघडी राहू दे," मामा म्हणाले. "येऊन राह्यला तो."

"येऊ द्या," मामी म्हणाल्या. "तुमच्या पाया पडंल. माह्यापाशी त्याचं काई काम नाही." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मिरवणूक दारात थांबली. तो गुलालानं माखलेला आत आला आणि मामांच्या पाया पडला. मामांनी त्याला जवळ घेतलं, तसा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरही गुलाल लागला. मग तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"काकू, सकायपासून पोटात काई नाही."

मामी पाठमोऱ्याच होत्या. "मंग त्या बँडवाल्याले माग."

"त्याले बेसन जमत नाही तुमच्यासारखं."

मामी वळल्या. त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात धू आंधी. काय अवतार केला हा!"

त्या दिवशी बेसन, भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. मामी वाढत होत्या आणि वाढता वाढता त्याला बोलत होत्या. एवढ्या वर्षांत एकदा तरी येऊन सांगायचं होतं, उभा राहतोय म्हणून. आम्ही काय नाही म्हटलं असतं? तो खाली मान घालून "हाव काकू, हाव काकू" करत जेवत होता. बाहेर बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवून ओट्यावर बैठक मारली होती. त्यांना मी चहा दिला.

मामाही त्याच्यासोबत जेवायला बसले. "तिथं सुरुवातीले कोणी ओयखत नाही," ते त्याला सांगत होते. "घाबरू नको. समजलं नाही तं उभं राहून इचार. अन् महिन्यातून एकदा इकडं ये, बे. मी नाही आलो, पाह्यलं ना काय झालं ते!"

तो हसला आणि लगेच त्याचे डोळे भरून आले. मामींनी न विचारता त्याच्या पानात आणखी अर्धी भाकर टाकली.

मामांनी पुढे निवडणूक लढवली नाही. पक्षाची माणसं दोन-तीनदा येऊन बसली. मामांनी त्यांना जेवू घातलं आणि नको म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा काळा कोट चढवला. बटणं सगळी जागेवर, कारण आता मामी रोज बघत होत्या.

एका रविवारी ते, मामी आणि मी एसटीनं लोणारला गेलो. सरोवराच्या काठावर मामा म्हणाले, "भाषणं करून गेलो इथून, पन खाली कधी उतरलो नाही." मग आम्ही झाडीतून खाली उतरलो. परत चढताना मामांना धाप लागली. ते एका दगडावर टेकले. मामींनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. वर काठावर कोणीतरी मामांना ओळखलं आणि मोठ्यानं हाक मारली. मामांनी बसल्या जागेवरून हात वर केला, पण घाई करून उठले नाहीत.