निम्मे तुरे

आटपाडीहून सांगलीला येणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर तेलाच्या जुन्या डब्यात सब्जाचं रोप. खिडकीतून वारा आला की डब्याभोवती पदर धरायच्या, तरी वास पुढच्या बाकांपर्यंत जायचाच.

"लेकीच्या दारात लावायचाय," त्या म्हणाल्या.

मीही तोऱ्यात सांगितलं, "माझ्या गच्चीवर आहे सब्जा. एक तुरा ठेवत नाही, दिसला की खुडते. म्हणून पानं कशी भरगच्च! काकडीच्या वेलाला मात्र फळ धरत नाही. नुसती फुलं येतात नि गळतात."

त्यांनी चोर सापडल्यासारखं माझं मनगट धरलं.

"आवं ताई, समदं तुरं खुडताय? मग मधाच्या माश्या काय तुमचं त्वांड बघाय येत्याल व्हय?" आणि स्वतःच खळखळून हसल्या. हात तसाच धरून म्हणाल्या, "आमच्या डाळिंबाच्या बांधाला लय सब्जा हाय. निम्मं तुरं आपलं, निम्मं माश्यांचं. सब्जाला आल्या की डाळिंबावर बी जात्यात."

पुढच्या फाट्यावर त्या उतरल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

यंदा वेलाला काकड्या लागल्या. पहिली कोशिंबिरीसाठी चोचवायला घेतली, तेव्हा ती ज्यांना द्यायची त्यांचा पत्ताही मला ठाऊक नव्हता. पण रोज सकाळी तुरे खुडताना निम्म्यावर आले, की माझं मनगट अजून कुणीतरी धरतं.