निळीच्या पुडीवरची बाई

आमच्या घाटकोपरच्या चाळीत मार्तंड पेडणेकरला सगळे पेंटर म्हणत आणि तो चिडे. पाट्या रंगवतो तो पेंटर, मी लेबलं काढतो, असं त्याचं म्हणणं. साबण, उदबत्ती, दंतमंजन, जे कागदात गुंडाळून विकलं जातं त्यावरचं चित्र काढणं हा त्याचा धंदा. माणूस तिरसट, पण हातात कला. वाण्याच्या दुकानासमोर तासन्‌तास उभा राहून गिऱ्हाइकांकडे बघत बसायचा. लोकांना वाटे, याला घरी काही काम नाही. त्याचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक नाव वाचत नाही, ओळख पटवतं. बाई दुकानात येते ती 'पोपट द्या' किंवा 'घोडा द्या' म्हणते. माल कसा आहे ते घरी गेल्यावर कळतं, दुकानात दिसतं ते फक्त चित्र. मला हे पटायचं, कारण मी पिशवी घेऊन दुकानोदुकान हिंडणारा विक्रेता. वाईट कागदात गुंडाळलेला चांगला माल धूळ खात पडलेला मी पुष्कळ पाहिला होता.

चौपन्न साली श्यामसुंदरशेठनी पत्र्याच्या शेडमध्ये कपड्यांची नीळ बनवायला घेतली. नाव ठेवलं चांदणी. विकायचं मी आणि पुडीवरचं चित्र काढायचं मार्तंडने.

मार्तंडची धाकटी बहीण सुगंधा त्याच्याकडेच राहायची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून अकरा वर्षं ती भावाचं घर सांभाळत होती. मार्तंडने तिच्याच हातात धुतलेली चादर देऊन तिला गॅलरीत उभं केलं आणि चित्र काढलं. अंगावर पांढरंशुभ्र लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर लालभडक कुंकू. पुडीवरची बाई सवाष्णच हवी, यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. सुगंधाताई त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, हे मार्तंडने मला पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

शेठनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, दोनच रंग. छापखान्यात चित्र दगडावर उतरवून छापायचे, दर रंगाला वेगळा दगड लागतो आणि शेठचा जीव प्रत्येक दगडात अडकलेला. निळा हवाच, वरच्या कोपऱ्यातल्या चांदणीला पिवळा, लाल रद्द. मार्तंड रडला नाही की भांडला नाही, उलट खूश झाला. लुगड्याला रंग लावायचाच नाही, कागदाचा पांढरा तसाच ठेवायचा आणि मागे गडद निळा भरायचा, म्हणजे लुगडं डोळ्यांत भरेल. बांगड्यांना पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा फुकटात. राहिलं कुंकू. ते निळ्यात छापलं तर कपाळावर माशी बसल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून मार्तंडने स्वतःच्या हाताने ते खरवडून काढलं. मागून मी त्याला विचारलं, अरे, तुला काही चुकल्यासारखं वाटलं नाही का? तर म्हणाला, नाही. अकरा वर्षं तेच कपाळ समोर होतं ना.

पुडी दिसायला झकास होती. पहिले दोन आठवडे मी मुलुंड, अंधेरी, बोरिवली पालथी घातली. सगळे वाणी पुडी पुढे मांडायचे. बायका हातात घ्यायच्या, उलटीसुलटी करायच्या आणि परत ठेवायच्या. का, ते कुणी सांगेना. माल बदलला का, ओला झाला का, मी नाही नाही ते शोधत बसलो. शेवटी मुलुंडला पद्मजाबाई नावाच्या एका गिऱ्हाइकाने मला दुकानाच्या पायरीवर गाठलं. हसतमुख बाई, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

"अहो, शुक्रवारी सकाळी धुण्याला बसताना पांढऱ्या कपाळाच्या बाईचं तोंड कोण पाहील?"

मी मूर्ख. तो निरोप घेऊन तसाच मार्तंडकडे गेलो आणि शब्दन्‌शब्द सांगून टाकला. सुगंधाताई चहा घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि आत गेली. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी माझी जीभ छाटून टाकावी असं मला वाटलं.

शेठ संतापले, पण धंद्याला पक्के. लाल रंगाचा दगड मंजूर झाला, पण अट घातली की बाई बदलायची. ही बाई लोकांच्या मनात बसली ती अपशकुनी म्हणून, आता नवा हसरा चेहरा हवा. आठ दिवसांत जमलं नाही तर दुसरा चित्रकार. मार्तंडने त्याच संध्याकाळी कागद घेतला. बहिणीचा चेहरा बाजारातून लवकरात लवकर उचलावा, एवढंच त्याला हवं होतं. शरमेने तो तिच्याकडे बघतही नव्हता.

सुगंधाताई बाहेर आली आणि तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"तोंड माझा रवांदे, दादा. कुंकू तेवढा लाल कर."

मार्तंडने तसंच केलं. चेहऱ्याची एक रेघही बदलली नाही, फक्त लाल दगड चढला. शेठपुढे त्याने छातीठोकपणे सांगितलं की चेहरा नवा आहे, आणि शेठना तो पटलासुद्धा. कुंकवाने बाई इतकी बदलते, हे पाहून मला हसू यायला हवं होतं, आला तो राग.

माल उठला. महिनाभरात बायका चांदणी हे नाव विसरल्या, दुकानात येऊन 'कुंकवाची पुडी द्या' म्हणू लागल्या. मार्तंड खरा ठरला होता. संक्रांतीला तर कहर झाला. हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटायचं, तर स्वस्त, उपयोगी आणि वर सवाष्णीचं चित्र. आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांनी तीच पुडी लुटली. माझी बायको प्रेमा पाच घरांतून पाच पुड्या घेऊन आली आणि फळीवर ओळीने मांडल्या. पाचही पुड्यांवर सुगंधाताई. आणि त्या पाचांतल्या एकाही घरात तिला बोलावणं नव्हतं. आमच्या घरचंही नव्हतं.

मला ते सहन झालं नाही. प्रेमाला म्हटलं, पुढच्या वर्षी तिला बोलाव. ती म्हणाली, मी बोलावीन हो, पण मग बाकीच्या येतील का? ती खोटं बोलत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सुगंधाताई नळावर दिसली तेव्हा मी धीर करून म्हटलंच, की पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे यायचं.

तिने घागर कमरेवर घेतली आणि हसली.

"कशाक? मी जावन इलंय सगळ्यांच्या घराक."