थोरल्या बाईंच्या खोलीतली तीन झाडं

ताथवड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून शेजारच्या बायका मला झाडांबद्दल विचारायला येतात. "काका, आमचा फ्लॅट आतल्या बाजूला आहे, ऊन अजिबात येत नाही. काय लावू?" मी त्यांच्याकडे दुपारी बाराला जातो. जिथं कुंडी ठेवायची तिथं भिंतीपासून वीतभर हात धरतो. सावलीची कड स्पष्ट दिसली तर बरीच झाडं जगतील असं सांगतो. कड पुसट असली तर मोजकी. सावलीच पडली नाही तर दोन-तीन जातीच, आणि त्यांनाही पाणी फार बेतानं. बायका म्हणतात, काकांचा केवढा अभ्यास आहे! मी ऐकून घेतो.

हा अभ्यास माझा नाही. तो ज्याचा होता त्याचं मी काय केलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. विषय त्या बाजूला वळायला लागला की मी उठून जायचो. निवृत्तीच्या समारंभात एकानं विचारलं, की काळोखातली झाडं जगवायची विद्या कुठून शिकलात, तर मी म्हणालो, "अनुभवातून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ऐंशी ओलांडली आहे, म्हणून लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पिंपरीच्या एका कंपनीत बाग विभागाचा मुकादम होतो. हाताखाली सहा माळी. गेटापासचे गुलाब, कारखान्यासमोरची हिरवळ आणि कॉलनीतले साहेबांचे बंगले आमच्याकडे असायचे. मोठ्या साहेबांच्या बंगल्याचा हॉल काळोखा होता. पुढं खोल व्हरांडा आणि त्यावर आंब्याची झाडं वाकलेली. साहेबांच्या बाईंना त्या हॉलमध्ये झाडं हवी होती, आणि तीही रंगीत. क्रोटन, कोलियस. ही उन्हाची झाडं. त्या हॉलमध्ये तीन आठवड्यांत त्यांचे रंग उडायचे आणि पानं गळायची.

मी त्यावर तोड काढली. प्रत्येक कुंडीची जोडी तयार केली. एक हॉलमध्ये, एक आमच्या रोपवाटिकेत ऊन खात. दर गुरुवारी बाई पुण्याला जायच्या. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की आमची हातगाडी मागच्या दाराला लागायची. उंची सारखी, फांद्या सारख्या, मोठं पान खिडकीकडे असेल तर नव्या कुंडीचंही मोठं पान खिडकीकडे. बाईंना कधीच कळलं नाही. त्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या मुकादमांच्या हाताला गुण आहे." दिवाळीला मला शर्टाचं कापड मिळायचं. कुणाला कायम करायचं, कुणाला घरी पाठवायचं, यात माझा शब्द चालायचा, तो या गुणाच्या जोरावर.

मग तो बदली माळी म्हणून आला, महिन्या-महिन्याच्या बोलीवर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मूळचा निघोज्याचा, राहायला कासारवाडीला, रुळांच्या कडेला एका खोलीत. बौद्ध होता. आमच्या विभागात त्या समाजाचं दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला नावानं कधी हाक मारली नाही, "ए बदली" म्हणायचो. त्याचा चहाचा कप वेगळा ठेवायला मीच सांगितलं होतं आणि कप ठेवायची खिडकीही मीच दाखवली होती. सांगताना आवाज चढवला नव्हता. खुरपी कुठं टांगायची हे सांगावं तसं सांगितलं.

पहिल्याच गुरुवारी तो कुंडी काखेत धरून हसायला लागला. "म्हंजी झाडांनाबी शिफ्ट हाय व्हय, मुकादम? मग ह्यांचा ओव्हरटाइम कोन देतं?"

बाकीचे माळी खो खो हसले. त्या हसण्यासाठी मी त्याला आठवडाभर शेणखताच्या खड्ड्यात उतरवला.

साहेबांच्या आई मांडीचं हाड मोडून मागच्या काळोख्या खोलीत पडून होत्या. सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणत. त्यांनी सुनेला सांगितलं, मलाही एक झाड ठेव. मी क्रोटन ठेवलं. पण थोरल्या बाई खोली सोडून कुठं जात नव्हत्या, त्यामुळे तिथं अदलाबदल करता येईना. झाडानं पानं टाकली. दुसरं ठेवलं, त्यानंही टाकली. म्हातारी भिंतीकडे बघत म्हणाली, "हॉलमधली जगतात आणि माझ्या खोलीतली मरतात. झाडांनासुद्धा समजतं, हिचं काय राहिलंय आता."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर वेल बांधत होता. तिथूनच म्हणाला, "बाई, ऊन येत न्हाई तर ऊन न मागनारं झाड लावावं."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या घरून कापडी पिशवीतून तीन लहान कुंड्या आणल्या. एक तलवारीसारख्या ताठ पानांचं. एक कोरफडीच्या जातीचं, मुठीएवढं, पानांवर पांढऱ्या रेघा. एक जाड गोल पानांचं, बुटकं. नऊ वर्षं ती त्याच्या खोलीत होती. पुण्यात एका नर्सरीत तो कामाला असताना टाकून दिलेली रोपं घरी न्यायचा आणि कुठलं टिकतं ते बघायचा. "शंभरेक मेली आसतील मुकादम. ही तीन न्हाई मेली."

मी विचारलं, कसं ओळखतोस? त्यानं हात भिंतीपाशी धरून सावलीची कड दाखवली. पाणी किती, विचारलं. तो म्हणाला, "काळोखात झाड खातंच कुटं फार? मग पानी पिऊन काय करंल? पंधरा दिसांनी वाटीभर. तेबी बोटाला माती कोरडी लागली तरच. ही झाडं तहानेनं न्हाई मरत. मेली तर पान्यानंच मरत्यात."

त्यानं काहीही लपवलं नाही. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. त्याला वाटलं, मुकादमाला शिकायचंय.

तीन महिन्यांत ताठ पानांच्या मधून एक नवं पान वर आलं. थोरल्या बाईंनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. मुलाला म्हणाल्या, "हा माणूस कायम कर." साहेबांनी मान डोलावली आणि कागद हलले.

कायम होण्याचा त्याच्या लेखी अर्थ काय होता, तेही त्यानं मलाच सांगितलं. पाण्याच्या पाइपाच्या वेटोळ्यावर आम्ही विडी ओढत बसलो होतो. त्याची बायको शिवणकाम करायची. खोलीत भर दुपारीसुद्धा दिसत नसे, म्हणून मशीन उंबऱ्यावर मांडायची. पाऊस आला की मशीन आत आणि काम बंद. "पर्मनंट झालो की कंपनीची वरच्या मजल्यावरची खोली मागनार, मुकादम. मशीन खिडकीला लावायचं. डोळं पार कामातनं चाललंत तिचं." असं म्हणून तो माझ्याकडे बघून हसला. मला आनंद होईल असं त्याला वाटलं असावं.

त्याच आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "मुकादम, त्याच्यासारखी झाडं हॉलमध्येही ठेवू या. आणि तो म्हणतो, क्रोटन सावलीत जगतच नाही. मग आमची कशी जगतात हो?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मला मात्र त्या रात्री गुरुवारची हातगाडीच डोळ्यांसमोर दिसत राहिली.

दोन दिवसांनी थोरल्या बाईंचा डोळा लागलेला असताना मी कुंड्या पुसायच्या म्हणून व्हरांड्यात आणल्या आणि बुडाची भोकं ओल्या शाडूनं बुजवली. अंगठ्यानं दाबून, वर राख चोळून. त्याला मी कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लावला, बंगल्याकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. मग रोज सकाळी स्वतः झारी घेऊन त्या खोलीत जाऊ लागलो.

थोरल्या बाई म्हणायच्या, "मुकादम असून स्वतः येतोस रे बाबा. देव तुझं भलं करो." मी म्हणायचो, "तुमची झाडं आहेत आई, दुसऱ्यावर कशी सोडू?" आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी घालायचो. एका हातानं कुंडी धरून, प्रेमानं घालतात तसं.

महिना लागला. आधी मुठीएवढ्या झाडाची पानं काचेसारखी झाली. मग गोल पानं एकेक करून गळाली, बोट लावलं की चिकट. तलवारीची पानं शेवटपर्यंत ताठ होती. एका सकाळी बाईंनी कुंडी सरकवली आणि सगळा झुपका आडवा झाला. बुडाशी शिळ्या भातासारखा लगदा होता आणि वास सुटला होता. थोरल्या बाईंनी पदर तोंडाला लावून कूस बदलली.

त्याला बोलावलं. तो कुंपणाकडून पळत आला, पायाला चिखल. त्यानं मातीत बोट घातलं, मग कुंडी उलटी केली. शाडूचा बोळा बघितला, आणि मग माझ्याकडे.

"बाई, हे बगा. भोक बुजवलंय कुनीतरी. पानी साचलं म्हनून कुजली."

"कुंड्या कुणी भरल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"यानंच," मी म्हणालो. "घरूनच भरून आणल्या होत्या."

"बाई, नऊ वर्सं भोक उगडं व्हतं. बुजलेलं आसतं तर कवाच मेली आसती. रोज कुनी पानी घातलं का हिथं?"

"मुकादम घालायचा," थोरल्या बाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "एक दिवस चुकला नाही बिचारा."

त्यानं कुंडी खाली ठेवली. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण मी म्हणालो, "पाणी घातल्यानं झाड मरतं, हे आजच ऐकतोय, बाई. त्याच्या तिथं जगत असतील पाण्यावाचून. हे घर आहे."

बाई हसल्या. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. पण त्यानं ते बघितलं, आणि त्यानं बघितलं हे मी बघितलं. मला बरं वाटलं. तेही लिहायला हवं. मला फार बरं वाटलं.

विभागाच्या रजिस्टरात त्याच्या नावासमोर एक वाक्य गेलं, 'घरातील झाडांची निगा राखता येत नाही.' अक्षर कारकुनाचं आहे. सांगणारा मी. त्या वाक्यानं त्याचा कायमचा कागद थांबला आणि महिनाअखेरीस त्याला परत बोलावलं नाही.

तो खुरपं जमा करायला आला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "झाडांचं काय, मुकादम, आनखी लावीन. पर मशीनचं मी तुमाला सोताहून सांगितलं व्हतं."

मी वर न बघता म्हणालो, "खुरपं तिथं ठेव. माती पुसून ठेव."

त्यानं धोतराच्या सोग्यानं पातं पुसलं, ठेवलं आणि गेला. थोरल्या बाईंनी नंतर खोलीत झाड ठेवू दिलं नाही. मी आणू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नको. झाडांनी सांगितलं, मला कळलं काय ते." हॉलमधली क्रोटन गुरुवारी बदलत राहिली. पुढं बाईंना मीच तीन जाती सुचवल्या, त्याच तीन; त्याला निगा जमली नाही, माझ्या हातानं जगतील म्हणून. त्या हॉलमध्ये उत्तम आल्या. हातगाडी बंद झाली आणि मला बढती मिळाली.

आठ-नऊ वर्षं गेली. कुणाच्या तरी तोंडून कळलं, की तो निघोज्याला परतलाय, रस्त्याकडेला मिरची-वांग्याची रोपं विकतो. मी एका रविवारी चाकणच्या एसटीत बसलो. काय बोलायचं ते घरूनच ठरवून निघालो होतो. चाकणपासून पुढं चालत गेलो आणि चालताना मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

गोणपाटाच्या सावलीत तो वाफ्याला पाणी देत होता. केस पिकले होते. मला त्यानं लांबूनच ओळखलं.

"या मुकादम! आज कुनाची झाडं माराया निघालात?"

मी हसलो. खरंच हसलो, दात काढून, मित्रानं चेष्टा करावी तसा. त्या हसण्यात ठरवलेलं सगळं वाहून गेलं. त्यानं पत्र्याचा डबा उपडा करून बसायला दिला. मी विचारलं, घरी कसं काय? तो म्हणाला, "मशीन इकलं. सुईच दिसंना तिला. आता हात धरून न्यावं लागतं." मागच्या घराच्या दाराशी एक बाई बसली होती. आवाजाच्या दिशेनं तिनं चेहरा वळवला आणि विचारलं, "कोन आलंय?"

"कंपनीतलं मुकादम हाईत," तो म्हणाला. "जुनी वळख."

एवढंच सांगितलं त्यानं तिला. बाकीचं माझ्यावर सोडलं होतं. तो वाट बघत होता. हातातला पाण्याचा डबा खाली ठेवून, माझ्याकडे तोंड करून, चांगला वेळ. आणि मी त्याला विचारलं, "मिरचीवर बोकड्या रोग पडतो का रे इकडं?"

डबा उचलून तो म्हणाला, "पडतो की."

परतीच्या एसटीला गर्दी नव्हती. पुढं दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. ती त्याच्याआधीच गेली होती. त्या रविवारी जाताना पाठ केलेलं अजून शब्दन् शब्द लक्षात आहे. भाऊ, भोकं मी बुजवली. पाणी मी घातलं. रजिस्टरातलं वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. वहिनींना खिडकी मिळाली असती, ती मी मिळू दिली नाही. तुमच्या दोघांच्या समोर उभा राहून हे सांगायला आलोय. मला माफ करा.