अटवाली

आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे अटवाली म्हणायचे. मुलुंडला माझ्याकडे भाड्याने राहायला आली त्या दिवशी मी बशीत लोणच्याची फोड दिली, तर हात न लावता विचारते, "काकू, अट काय?"

मी म्हटलं, "अट कसली? खा आणि बशी धुऊन दे."

"म्हणजे आहे," म्हणाली, आणि बशी खरंच धुऊन आणली. लोणचं आवडलं, पण मसाला विचारला नाही. मी तो सुनेलाही सांगत नाही, हे तिला कोणीतरी सांगितलं असणार.

मी चौथी शिकलेली. तिचं काम तिने मला मिक्सरवरून समजावलं. फुकट मिळणारं एक मोठं सॉफ्टवेअर म्हणजे मिक्सर. ही त्याला बसणारं जादा भांडं बनवायची, त्याला प्लगिन म्हणतात. तिच्या प्लगिनमुळे छोट्या दुकानांच्या वेबसाइटवरून मराठीत बिल निघायचं. तेही फुकट, आणि आत कसं लिहिलंय ते सगळ्यांना उघडं. कोणीही दुरुस्ती पाठवावी. दुसऱ्याचं काही घेताना मात्र ही त्याचं लायसन्स, म्हणजे वापरायच्या अटी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मी दुधाच्या पिशवीवरची तारीखही वाचत नाही.

अंधेरीच्या एका कंपनीला ते प्लगिन हवं होतं, पण बंद करून, फक्त स्वतःपुरतं. बदल्यात हिला कायमची नोकरी. नोकरी नसेल तर कुडाळला परत ये, असं वडिलांनी बजावलेलं. मला वाटलं, सुटली पोरगी. हिने मात्र दुरुस्त्या पाठवलेल्या प्रत्येकाला विचारायला घेतलं. त्यांनी दिलं ते उघडं राहील या अटीवर. बंद करायचं तर प्रत्येकाचा होकार हवा. सगळे हो म्हणाले. पोलंडचा एक जण उत्तरच देईना.

मी म्हटलं, "अगं, त्याला कळणार कसं?"

"नाहीच कळणार काकू. कळणार असतं तर कोणीही विचारलं असतं."

त्याचा तुकडा काढून तूच लिही, म्हटलं. तेही करून बघितलं होतं तिने. त्याचं वाचून इतकं पाठ झालेलं, की हातून तेच उतरत होतं.

शेवटी उत्तर आलं. नको, उघडंच राहू दे. कंपनीने नाद सोडला. मला वाटलं, आता रडेल. ती जेवायला बसली, भात मागून घेतला. प्रामाणिक माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कोणीतरी बघत असताना. हिची मला त्या दिवशी थोडी भीतीच वाटली.

कुडाळला निघाली तेव्हा मी तिला लोणच्याच्या मसाल्याचं माप सांगितलं. बॅग खाली ठेवून म्हणाली, "अट काय?"

मी म्हटलं, "कोणी मागितलं तर सांगायचं. त्यानेही पुढे सांगायचं."

आत सून भांडी घासत होती. आवाज थांबला. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मग आई, मी मागते."

अटवाली माझ्याकडे बघत उभी राहिली. सांगावंच लागलं.